आपला कप्पा कोणता

मोहियोद्दीन: म्हणजे टेबलावर माणूस कोणीच नाही, नुसतं पाकीट?

ग्यानोबा: नुसतं पाकीट. नाक पुसायच्या कागदाचं. लुंबिनीनं ते टेबलावर ठेवलं अन् म्हणती, चला बाबा, आता रांगेत उभं राहू. म्या म्हणलं, अगं, कोणी बसंल की. ती म्हणती, न्हाई बसत.

मोहियोद्दीन: मग? बसलं का?

ग्यानोबा: कोण बसतंय. एवढं माणूस हातात ताट घेऊन जागा हुडकून राहिलंय, पण त्या पाकिटाला कोणी हात लावला न्हाई. म्या रांगेतून तिकडंच बगत होतो. एक बाई आली, वाकली, पाकीट बगितलं अन् चालती झाली. जसं काय तिथं माणूसच बसलाय.

मोहियोद्दीन: कंडक्टर, हे पाकीट आपल्या कंधारच्या गाडीत टाकलं असतं तर?

ग्यानोबा: पाकीट? अरे, खिडकीतून टावेल टाकायचे, पिशव्या टाकायचे. एकानं तर जागा धरायला लेकरू आत सोडलं व्हतं. तरी भांडणं. माझा रुमाल आधी पडला, त्याचा मागून पडला. सगळी नोकरी माझी ह्या पंचायतीत गेली. अन् हितं बग. कागदाचं पाकीट.

मोहियोद्दीन: मी काय बघू? मला तुझं नाक दिसून राहिलं नुसतं. सिंगापूर दाखवतो म्हणून व्हिडिओ कॉल लावला, मी इथं नांदेडात गल्ला सोडून बसलो, आणि हा नाक दाखवतो.

लुंबिनी: द्या बाबा, मी धरते. सलाम, चाचा.

मोहियोद्दीन: जीती रह, बेटा. दाखव काय दाखवायचं ते. तुझ्या बापाला तिकिटं फाडता येतात, फोन धरता येत नाही.

लुंबिनी: हे बघा. सगळं एकाच छताखाली आहे. ह्या बाजूला चिनी लोकांची दुकानं. तिकडं मलय. कोपऱ्यात तो तमिळ माणूस डोसे करतो. ज्याला जे पाहिजे ते आपापलं आणायचं आणि मधे कुठंही बसायचं. मी रोज दुपारी इथंच जेवते.

मोहियोद्दीन: हे तर माळेगावच्या जत्रेतल्या हाटेलांसारखं झालं.

लुंबिनी: तसंच. फक्त धुरळा नाही.

ग्यानोबा: अन् पाणी न्हाई. मोहियोद्दीन, टेबलावर पाणीच ठेवत न्हाईत. पाहिजे तर इकत घ्या.

मोहियोद्दीन: पाणी नाही? माझ्याकडं गिऱ्हाइक टेकायच्या आधी गिलास आदळावा लागतो. पाणी न ठेवता चहा दिला तर लोक म्हणतील, मोहियोद्दीनच्या घरात काही वाईट झालं का काय. बेटा, तो टायवाला कोण तुमच्यापुढं?

लुंबिनी: त्यांच्यावर नको, चाचा, फोन फिरवते मी. ओळखीचे नाहीत. जागा वाटून बसतात इथं.

ग्यानोबा: साहेब हाय कोणतरी. छातीवर बिल्ला. आला, हसला, रिकाम्या स्टुलाकडं बोट केलं. म्या मान हलवली. बसला. गाव न्हाई इचारलं, आडनाव न्हाई इचारलं. बसला अन् जेवायला लागला.

मोहियोद्दीन: तू तरी विचारायचं.

ग्यानोबा: कंच्या भाषेत इचारू?

लुंबिनी: विमानात शेजारच्याला हात जोडून विचारलं की यांनी, कोणत्या गावचे म्हणून. तो कोरियाचा होता.

ग्यानोबा: गावच इचारलं फकस्त.

मोहियोद्दीन: काय जेवला, कंडक्टर?

ग्यानोबा: कोंबडी अन् भात. भात कोंबडीच्याच पाण्यात शिजवलेला. तिखट येगळं, वाटीत. म्या हातानं खाल्लं. हा साहेब दोन काड्यांनी. म्या त्याच्या काड्यांकडं लई बगितलं, खोटं कामून बोलू. त्यानं माझ्या हाताकडं एकदा बी बगितलं न्हाई.

मोहियोद्दीन: बेटा, थांब, थांब. मागं घे जरा. ती हिरवी पाटी आहे ना, तिथं तो माणूस हात वर करून काय करून राहिला?

लुंबिनी: तो चहा, चाचा. ओढलेला चहा म्हणतात त्याला. मुसलमान माणसाचं दुकान आहे. एका मगातून दुसऱ्यात वरून ओतायचा, फेस येईस्तोवर.

मोहियोद्दीन: अल्ला. काय हात आहे. देख, एक थेंब बाहेर नाही. मी पण ओततो वरून, पण एवढं नाही जमत. कंडक्टर, माझ्या नावानं एक घे तिथला.

ग्यानोबा: नको.

मोहियोद्दीन: नको? चहाला? तुला?

ग्यानोबा: वरून ओतलेला नको मला.

लुंबिनी: बघा ना, चाचा. सकाळपासून चहा चहा करत होते. मघाशी त्या दुकानापुढं उभे राहिलो, त्यानं हात वर नेला आणि हे मागंच सरकले.

ग्यानोबा: जाऊ दे. जेवण झालंय.

लुंबिनी: बरं. फोन धरा, मी आलेच.

ग्यानोबा: कुठं चालली? ए. ते कामून घेतलं? लुंबिनी.

मोहियोद्दीन: काय झालं?

ग्यानोबा: ताट उचललं तिनं.

मोहियोद्दीन: मग?

ग्यानोबा: सोताचं उष्टं ताट सोता घेऊन चालली. तिकडं खांबाजवळ कपाट हाय, कप्प्याकप्प्याचं. तिथं ठेवून राहिली. एवढी शिकवली, एवढ्या लांब आली, अन् हाटेलात उष्टं उचलून राहिली… मोहियोद्दीन.

मोहियोद्दीन: बोल की.

ग्यानोबा: दोन हायत.

मोहियोद्दीन: काय दोन?

ग्यानोबा: कपाटं. उष्टी भांडी ठेवायची. एकाला हिरवी पाटी, एकाला निळी. येगळी येगळी हायत. मधे खांब हाय.

लुंबिनी: आले. चला बाबा, तुमचं पण घ्या आता. लोक जागेसाठी उभे आहेत.

ग्यानोबा: लुंबिनी, आपला कप्पा कोणता?

लुंबिनी: म्हणजे?

ग्यानोबा: दोन हायत ना. त्यातला आपला कोणता अन् त्यांचा कोणता, सांग.

लुंबिनी: आपला-त्यांचा असं नाही ते, बाबा.

ग्यानोबा: मग दोन कशाला? एवढा शहाणा मुलूख. इमानतळाच्या आत धबधबा केलाय. मग भांड्याला दोन जागा कशाला?

लुंबिनी: एक हलालची आहे, एक बाकीची. कोण जेवलं त्यावर नाही, काय जेवलं त्यावर आहे. मलय दुकानातलं खाल्लं तर भांडं हिरव्या कप्प्यात. खाणारा कोणी का असेना.

ग्यानोबा: कोणी बी?

लुंबिनी: बघा तुम्हीच. ती काठीवाली चिनी आजी. हिरव्यात ठेवतीय. तिच्या मागचा तो पगडीवाला सरदारजी निळ्यात ठेवतोय. आता त्या दोघांत आपलं कोण आणि त्यांचं कोण?

मोहियोद्दीन: सरदारजी पण आहे? विचार, नांदेडला येऊन गेला का. येऊनच गेला असंल.

लुंबिनी: चाचा, थांबा जरा. बाबा, समजलं?

ग्यानोबा: समजलं. चांगलं हाय. पण मी उचलणार न्हाई.

लुंबिनी: इथला नियम आहे तो. ताट टेबलावर सोडून गेलं तर आधी समज देतात, मग दंड.

ग्यानोबा: दंड भरू.

लुंबिनी: दंडाचं नाही. मी रोज बसते इथं. ते चहावाले काका मला नावानं ओळखतात. बरं, तुम्ही बसा. मी नेते तुमचं.

ग्यानोबा: हात लावायचा न्हाई ताटाला. ना मी उचलणार, ना माझी पोरगी.

लुंबिनी: पुन्हा तेच. लातूरला केलं तेच करणार का इथं?

मोहियोद्दीन: लातूरला काय केलं?

लुंबिनी: तुम्हाला सांगितलं नाही यांनी? कसं सांगतील. अकरावीला मी तिथं वसतिगृहात होते, चाचा. मेसमध्ये सगळ्या मुली आपापलं ताट धुवायच्या. पाटलाची पण धुवायची, डॉक्टरची पण. हे भेटायला आले. मी नळावर बसलेली दिसले. तशाच खाकी कपड्यात रेक्टरबाईंच्या खोलीत गेले आणि ओरडले, माझी पोरगी कोणाच्या हाटेलात भांडं धुणार न्हाई. मेस होती ती, बाबा. हाटेल नव्हतं. पुढं वर्षभर मुली मला महाराणी म्हणायच्या.

ग्यानोबा: महाराणीच हायस तू.

लुंबिनी: मला न्हाई व्हायचं होतं महाराणी. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं. नळावर रांगेत उभं राहायचं, हातात ताट धरून, त्यांच्यासारखं. तेवढंच पाहिजे होतं मला.

मोहियोद्दीन: कंडक्टर, एक विचारू? माझ्या हाटेलात सगळे जण कप गल्ल्यापाशी आणून ठेवतात. सभापतीचा भाऊ पण आणतो. तू एकटा टेबलावर सोडून उठतो. मी इतकी वर्षं काय समजलो, सरकारी नोकरीची गर्मी आहे.

ग्यानोबा: तसंच समज.

मोहियोद्दीन: नाही समजत जा. इथं समोर बसून कधी बोलला नाहीस. आता समुद्राच्या पल्याड बसलायस, तिथून बोल.

ग्यानोबा: काय बोलायचं त्यात. आमच्या गावच्या फाट्यावर हाटेल व्हतं. बाप बाजाराला जाताना मला संगं न्यायचा. आमचा कप बाहेर असायचा, वळचणीला खोचलेला. कान तुटलेला. बाप तो काढायचा, असा दोन्ही हातांनी धरायचा, अन् मालक किटलीतून चहा सोडायचा. वरून. कपाला किटली लागू नये म्हणून. लई वरून सोडायचा, पण थेंब न्हाई सांडायचा. त्याचा बी हात चांगला व्हता. निम्मा बाप प्यायचा, निम्मा मी. मग धुवायचा. राखेनं. मालक आतून बगायचा, नीट धुतला का. अन् उपडा करून वळचणीला ठेवायचा. आमच्यानंतर आमच्यातलाच कोणी आला की त्याला तोच.

लुंबिनी: हे मला कधी सांगितलं नाही, बाबा.

ग्यानोबा: तुला कशाला सांगू? तुझ्या डोक्यात कामून घालू तो कप?

लुंबिनी: कप नाही घातला. पण नळावरून उठवलं ना मला.

ग्यानोबा: नोकरी लागली तव्हा ठरवलं. हाटेलात जायचं, बरोब्बर मधल्या टेबलावर बसायचं, खायचं, अन् उष्टं तसंच सोडून उठायचं. दुसऱ्या कोणीतरी उचलायचं. दुसरं काही मागितलं न्हाई म्या कोणाला. एवढं एकच. आता म्हातारपणी, इमानात बसून, परदेशात येऊन मी तेच उष्टं हातात घेऊ? … फोन खाली ठेवतो मी. मोहियोद्दीन, जरा गप बस.

(फोन टेबलावर उताणा.)

मोहियोद्दीन: बसलो गप.

मोहियोद्दीन: मला पंखा दिसून राहिला. लई मोठा पंखा आहे. हळू फिरतो.

मोहियोद्दीन: इकडं ताटाची कड दिसते. एक हाड बाहेर आलंय. कंडक्टर, चांगलं साफ केलंस हाड.

मोहियोद्दीन: फोन ठेवू का?

मोहियोद्दीन: नाही ठेवत.

लुंबिनी: बाबा, ते नवरा-बायको कधीचे उभे आहेत.

मोहियोद्दीन: हात आला एक. घड्याळवाला. हा तुझा नाही, कंडक्टर. … ए, ताट चाललं. कंडक्टर, तुझं ताट चाललं. कोण नेऊन राहिलं?

मोहियोद्दीन: आता नुसता पंखा राहिला. अरे, कोणीतरी बोला ना.

लुंबिनी: त्या साहेबांनी नेलं, चाचा. समोर बसले होते त्यांनी. त्यांचं जेवण झालं, त्यांनी आपली वाटी बाबांच्या ताटात ठेवली आणि दोन्ही एकत्र उचललं. जाताना मान हलवली, बस्स.

मोहियोद्दीन: तू सांगितलंस?

लुंबिनी: कोणीच नाही सांगितलं.

ग्यानोबा: वर ठेवली त्यानं. त्याची वाटी. माझ्या उष्ट्यावर.

लुंबिनी: हो, बाबा.

ग्यानोबा: हाडं व्हती त्यात. मी चोखलेली.

लुंबिनी: हो.

ग्यानोबा: त्याला कळलं आसंल का, आपण कशावरून भांडून राहिलो ते?

लुंबिनी: मराठीत? त्यांना वाटलं असेल, म्हातारा माणूस आहे, गुडघे दुखत असतील.

ग्यानोबा: माझे गुडघे चांगले हायत.

मोहियोद्दीन: नेऊन कुठं ठेवलं?

ग्यानोबा: त्या निळ्या कप्प्यात. मी बगत व्हतो. ठेवलं, वळला, अन् तसाच हात खिशात घातला. मोबाईल काढला, कानाला लावला, बोलत बोलत गेला. मोहियोद्दीन, त्यानं हात बी पुसला न्हाई. ह्या एवढ्या कागदाच्या पाकिटाशेजारी बसला व्हता. एक कागद घेतला न्हाई.

लुंबिनी: बाबा, पाणी आणू?

ग्यानोबा: त्याला ठाऊक न्हाई, मी कोण ते.

लुंबिनी: सांगितलं असतं तरी कळलं नसतं त्यांना.

ग्यानोबा: कामून न्हाई कळणार? तू इंग्रजीत सांगायचं.

लुंबिनी: सांगितलं असतं. कप, वळचण, राख, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं असतं नीट. आणि मग विचारलं असतं, ती किटली कपाला लागली असती तर काय झालं असतं?

ग्यानोबा: काय झालं असतं, मोहियोद्दीन? तू सांग. तू चहावाला हायस.

मोहियोद्दीन: काय होणार, यार. चहा लवकर भरला असता.

ग्यानोबा: … ए, तुम्ही दोघं उभे कामून? बसा, बसा. दोन जागा हायत. सरका पुढं.

लुंबिनी: मराठीत बोलताय, बाबा.

ग्यानोबा: बसले का न्हाई?

लुंबिनी: बसले.

ग्यानोबा: मग झालं. ऊठ. तो चहा घेऊ.

लुंबिनी: वरून ओतलेला?

ग्यानोबा: हाव. तू आणू नको, मीच येतो. मला त्याच्यापुढं उभं राहून बगायचंय.

लुंबिनी: थांबा, जागेवर पाकीट ठेवते.

ग्यानोबा: पाकीट नको. माझा रुमाल ठेव.

मोहियोद्दीन: मला पण न्या. मी इथं टेबलावर काय करू, रुमाल राखू?

लुंबिनी: चला, चाचा. हे बघा, आलो. हे चहावाले काका. विचारतात, फोनवर कोण आहे.

मोहियोद्दीन: बोल, तुझ्याच जातीचा आहे. चहावाला. अस्सलाम वालेकुम, भाई. थोडा और ऊपर से. हौ. और ऊपर.

लुंबिनी: त्यांना हिंदी येत नाही, चाचा.

मोहियोद्दीन: हात वर गेला ना? मग येते.

ग्यानोबा: लुंबिनी, त्या लेकराच्या कपात बी वरूनच सोडतोय.

लुंबिनी: सगळ्यांच्यात, बाबा. फेसासाठी.

ग्यानोबा: त्या पोलिसाच्या बी.

लुंबिनी: त्याच्या बी.

ग्यानोबा: दोन्ही हातांनी धरू का मी?

लुंबिनी: नका धरू. ते आपण होऊन देतात. … घ्या. हा तुमचा.

ग्यानोबा: याला कान हाय.

मोहियोद्दीन: पिऊन सांग. माझ्यापेक्षा चांगला असला तर सांगू नको.

ग्यानोबा: तुझ्यापेक्षा गोड हाय. डब्यातलं दूध हाय. फेस मिशीला लागतो. … लुंबिनी, रुमाल बग. हाय तसा हाय. शेजारी बसलेली ती बाई त्याला कोपर बी लागू देईना.

लुंबिनी: सांगितलं होतं ना.

मोहियोद्दीन: कंडक्टर, म्हणजे आता परत आलास की माझ्या हाटेलात पण कप उचलशील?

ग्यानोबा: तुझ्याकडं न्हाई. तुझ्याकडं तू उचलायचा.

मोहियोद्दीन: उचलतोच ना मी. कधी काही बोललो का?

ग्यानोबा: न्हाई बोललास. बोलला असतास तर तुझ्याकडं आलो असतो का? … चल, लुंबिनी. झाला चहा.

लुंबिनी: द्या, मी ठेवते माझ्याबरोबर.

ग्यानोबा: न्हाई. तू तुझा घे. मी माझा घेतो. फोन माझ्या खिशात घाल.

लुंबिनी: बाबा, कप्प्यापाशी रांग आहे. पाच-सहा जण आहेत.

ग्यानोबा: असू दे. उभं राहू. त्यांच्यासारखं. तू पुढं हो. मी तुझ्या मागं थांबतो.

मोहियोद्दीन: खिशात काही दिसत नाही मला. अंधार आहे. कंडक्टर, काय चाललंय? पोहोचला का?

ग्यानोबा: ठेवला.

मोहियोद्दीन: हिरव्यात?

ग्यानोबा: हिरव्यात.

मोहियोद्दीन: उपडा?

ग्यानोबा: न्हाई. धुतला बी न्हाई. उष्टाच ठेवला, सगळ्यांच्या उष्ट्यात.